रोझेटाच्या कच्च्या छायाचित्रावरून धूमकेतूचं मोजमाप: लेबलपासून कड्यापर्यंत, क्रमाने

बी.एस्सी.चे प्रकल्प असोत की हौशी खगोलमंडळांची सादरीकरणं, यानांनी काढलेल्या छायाचित्रांवरून केलेली मोजमापं आता वरचेवर बघायला मिळतात. त्यातली बरीचशी पहिल्याच पायरीवर घसरतात. बातमीसोबत आलेलं जेपीजी उचललं जातं, त्यावर पट्टी लावली जाते आणि खडकाचा आकार जाहीर होतो. पण ते जेपीजी कापलेलं, उजळलेलं, लहान केलेलं असतं, कधी चार तुकडे जोडून बनवलेलं असतं. मोजणारा कितीही काळजी घेवो, त्यातून निघालेल्या आकड्याला आधार नसतो.

हा लेख एकाच कामापुरता आहे. युरोपीय अवकाश संस्थेच्या रोझेटा यानाने ६७पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को या धूमकेतूजवळून, ऑगस्ट २०१४ ते सप्टेंबर २०१६ या काळात काढलेलं कच्चं छायाचित्र घ्यायचं, त्यातल्या एखाद्या खडकाचा किंवा कड्याचा आकार मीटरमध्ये काढायचा आणि दोन तारखांमधला बदल ओळखायचा. क्रम पक्का ठेवा: आधी लेबल (चित्रासोबतची मजकुराची नोंद), मग भूमिती (यान, धूमकेतू यांची जागा आणि अंतर), चित्र सर्वांत शेवटी. लोक नेमकं उलट करतात, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

## तयारी

संगणक साधा चालेल. फिजी हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. कच्च्या फाइली उघडायला आणि पिक्सेलमधली अंतरं मोजायला ते पुरेसं आहे. पायथन ही संगणकभाषा येत असेल तर यानाच्या जागेचं आणि वेळेचं गणित करणारी स्पायसीपाय ही लायब्ररीही बसवा, सहाव्या टप्प्यात लागेल. एक वही किंवा तक्ता सुरुवातीपासून उघडा ठेवा: फाइलचं पूर्ण नाव, उतरवल्याची तारीख, आवृत्ती, आणि लेबलमधून घेतलेला प्रत्येक आकडा.

अख्खा संच उतरवायला बसू नका. रोझेटाच्या कॅमेऱ्यांच्या फाइली हजारोंनी आहेत. तुम्हाला पाच-सहा पुरतात.

## टप्पा १: प्रश्न एका ओळीत लिहा

"६७पीचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे. "इम्होटेप भागातल्या चेओप्स खडकाची रुंदी किती?" किंवा "सेठ भागातला अस्वान कडा जुलै २०१५ च्या आधी आणि नंतर कसा दिसतो?" हे प्रश्न. एका ओळीच्या प्रश्नातूनच कॅमेरा, तारीख आणि अंतर ठरतं. पहिल्यांदाच करत असाल तर ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न घ्या. चेओप्सची रुंदी साधारण ४५ मीटर आहे. तुमची पद्धत त्याच्या जवळपास पोचली, तर पुढच्या अनोळखी खडकावर तुमच्या आकड्याला वजन येईल.

## टप्पा २: कॅमेरा आणि प्रक्रियेची पातळी निवडा

कामाचे कॅमेरे तीन. नॅव्हकॅम हा दिशादर्शनाचा कॅमेरा: १०२४ × १०२४ पिक्सेल, दृष्टिक्षेत्र ५ अंश. ओसायरिस या शास्त्रीय कॅमेरासंचाचे दोन: अरुंद क्षेत्राचा नॅक, सुमारे २.२ अंश, आणि रुंद क्षेत्राचा वॅक, सुमारे १२ अंश. दोन्ही २०४८ × २०४८ पिक्सेलचे. खडक, भेगा, कडे यांच्यासाठी नॅक. धुळीच्या फवाऱ्यांसाठी वॅक किंवा नॅव्हकॅम.

फाइली युरोपीय अवकाश संस्थेच्या प्लॅनेटरी सायन्स अर्काइव्हमध्ये आहेत, आणि नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिममध्येही. मोहिमेच्या काळानुसार त्यांचे गट पाडलेले आहेत: फिले लँडर धूमकेतूवर उतरण्यापूर्वीचा, धूमकेतूसोबतच्या प्रवासाचा, आणि शेवटचा वाढीव मोहिमेचा. तारीख ठरलेली असेल तर योग्य गट लगेच सापडतो.

मग येते पातळी. रोझेटाच्या संचांमध्ये साधारणपणे पातळी २ म्हणजे कच्चं, पातळी ३ म्हणजे कॅमेऱ्याचे दोष वजा करून प्रकाशाच्या एककात आणलेलं, आणि ओसायरिसची पातळी ४ म्हणजे भिंगाची वक्रताही सरळ केलेलं. लांबी-रुंदी मोजायची तर पातळी ४ घ्या. चित्राच्या कडेला असलेल्या वस्तूसाठी तर नक्कीच. कच्ची फाइल शिकण्यासाठी उघडा, पण दोन तारखांची तेजस्विता तिच्यावरून पडताळू नका.

सावधान: एका मोजमापात दोन पातळ्या मिसळू नका. "आधी"चं चित्र पातळी २ चं आणि "नंतर"चं पातळी ३ चं, असं झालं तर दिसणारा फरक धूमकेतूचा आहे की प्रक्रियेचा, हे कधीच कळणार नाही.

## टप्पा ३: चित्र उघडण्याआधी लेबल वाचा

लेबल म्हणजे साध्या मजकुराची नोंद. नॅव्हकॅममध्ये ती वेगळ्या फाइलमध्ये असते, ओसायरिसमध्ये चित्राच्याच फाइलच्या सुरुवातीला. नोटपॅडमध्ये उघडा आणि हे आकडे वहीत उतरवा:

- लक्ष्याचं नाव. ६७पीच आहे ना? रोझेटाने वाटेत स्टाइन्स आणि लुटेशिया या लघुग्रहांची, मंगळाची आणि पृथ्वीचीही छायाचित्रं घेतली आहेत.
- सुरुवातीची वेळ आणि एक्स्पोजरचा कालावधी.
- ओळींची संख्या, प्रत्येक ओळीतले नमुने, प्रत्येक नमुन्याचे बिट आणि नमुन्याचा प्रकार.
- ओळी आणि नमुने कोणत्या दिशेने दाखवायचे.
- यान ते लक्ष्य सदिश, किंवा अंतर.
- फिल्टर.

तपासा: ओळी × नमुने × बिट ÷ ८ हा गुणाकार करा. १६ बिटांच्या नॅव्हकॅम चित्राचा आकार २०,९७,१५२ बाइट यायला हवा. २०४८ × २०४८ आणि ३२ बिट असतील तर १,६७,७७,२१६. चित्र आणि लेबल वेगळ्या फाइलींत असतील तर हा आकडा जुळायलाच हवा. जुळला नाही तर फाइल अर्धवट उतरली आहे किंवा लेबल दुसऱ्याच चित्राचं आहे. लेबल चित्रालाच जोडलेलं असेल तर फाइल याहून मोठी असणार.

## टप्पा ४: फाइल नीट उघडा

फिजीत "इम्पोर्ट" आणि मग "रॉ" निवडल्यावर एक चौकट येते. तिथे अंदाजाने काहीही भरू नका, लेबलमधलेच आकडे भरा. खरी अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली, बाइटचा क्रम. नमुन्याचा प्रकार "एमएसबी"ने सुरू होत असेल तर मोठा बाइट आधी; "एलएसबी" किंवा "पीसी"ने सुरू होत असेल तर लहान बाइट आधी, आणि त्या वेळी "लिटल एन्डियन"ची खूण करायची. क्रम उलटा पडला की चित्रात आकार ओळखू येतो, पण सगळीकडे कणकण आणि समपातळी रेषांसारखी वळणं दिसतात. हे वाचायला क्षुल्लक वाटेल. पण असं चित्र पाहून त्यात "थर" शोधणारे लोक आहेत.

दुसरी, सुरुवातीचा ऑफसेट, म्हणजे चित्र सुरू होण्याआधी फाइलमधले किती बाइट सोडायचे. लेबल जोडलेलं असेल तर चित्राचा निर्देशक रेकॉर्डचा क्रमांक सांगतो, आणि मोजणी १ पासून असते. म्हणून ऑफसेट = (निर्देशक − १) × एका रेकॉर्डचे बाइट. निर्देशक ३७ आणि रेकॉर्ड ५१२ बाइटचा असेल तर (३७ − १) × ५१२ = १८,४३२. हा वजा एक विसरलात की चित्र काही पिक्सेलने सरकतं, आणि डाव्या कडेचा तुकडा उजवीकडे निघतो.

यानंतर दिशा. लेबलमधल्या दाखवण्याच्या दिशांप्रमाणे चित्र उलटवा. हे टाळलं तर तुमच्याकडे धूमकेतूची आरशातली प्रतिमा उरते. खडकाच्या रुंदीला त्याने फरक पडत नाही, पण नकाशाशी जुळवायला गेलात की एकही भाग जागेवर बसत नाही, आणि माणूस तासन् तास चूक भलतीकडे शोधत राहतो.

## टप्पा ५: अंतर आणि एका पिक्सेलचं माप

इथे घाई करू नका. सर्वांत मोठी चूक याच टप्प्यात होते.

एका पिक्सेलचं माप = अंतर × एका पिक्सेलचा कोन. नॅकच्या एका पिक्सेलचा कोन साधारण १८.६ मायक्रोरेडियन (रेडियनचे दशलक्षांश) आहे, नॅव्हकॅमचा साधारण ८५ मायक्रोरेडियन. म्हणजे १०० किमीवरून नॅकचा पिक्सेल १.८६ मीटरचा आणि नॅव्हकॅमचा ८.५ मीटरचा. ३० किमीवरून अनुक्रमे ०.५६ आणि २.६ मीटर.

सूत्र बरोबर वापरताय का, याची एक छान परीक्षा आहे. २ सप्टेंबर २०१६ रोजी नॅकने सुमारे २.७ किमीवरून हरवलेला फिले लँडर टिपला. ०.०००,०१८,६ × २,७०० मीटर = ०.०५ मीटर, म्हणजे पिक्सेलला ५ सेंटिमीटर. फिलेचा मुख्य भाग सुमारे १ मीटर रुंद, म्हणून तो जवळजवळ २० पिक्सेल व्यापतो. तुमच्या तक्त्यात हे उत्तर आलं तर सूत्र बरोबर बसलं आहे.

आता खरा सापळा. लेबलमधलं अंतर बहुधा धूमकेतूच्या केंद्रापर्यंतचं असतं. तुमचा खडक पृष्ठभागावर आहे. धूमकेतू दोन खंडांचा आहे: मोठा खंड सुमारे ४.१ × ३.३ × १.८ किमी, लहान खंड सुमारे २.६ × २.३ × १.८ किमी. यान केंद्रापासून १०० किमीवर असताना दीड-दोन किमीचा फरक दोन टक्क्यांच्या आतच राहतो, सोडून दिला तरी चालेल. ऑक्टोबर २०१४ मध्ये मात्र यान केंद्रापासून १० किमीवर आलं होतं. तिथे तुमच्याकडे तोंड करून असलेला पृष्ठभाग २ किमी पुढे असेल तर पिक्सेलचं माप २५ टक्क्यांनी चुकतं. ४५ मीटरचा खडक मग ५६ मीटरचा निघतो. जवळून काढलेलं चित्र जास्त अचूक असणार, असं आपण सहज धरून चालतो. अंतर केंद्राचं घेतलं तर जवळच्याच चित्रात चूक जास्त होते.

त्यात भर तिरकेपणाची. पृष्ठभाग तुमच्या दृष्टिरेषेला लंब नसेल तर एका दिशेची लांबी आखडते. पृष्ठभागाची लंबरेषा आणि दृष्टिरेषा यांत ६० अंशांचा कोन असेल तर त्या दिशेची लांबी निम्मी दिसते. म्हणून पहिल्या कामासाठी वस्तू चित्राच्या मधोमध आणि शक्य तितकी समोरून दिसेल अशी फाइल निवडा.

तपासा: सप्टेंबर २०१४ मध्ये सुमारे २८.५ किमीवरून घेतलेल्या नॅक चित्रात चेओप्स ८५ पिक्सेलच्या आसपास भरायला हवा. तीन वेगवेगळ्या वेळी मोजा, तिन्ही आकडे लिहा. त्यांच्यात पाच-सहा पिक्सेलचा फरक पडला तर ती तुमच्या मोजमापाची खरी अनिश्चितता आहे. ती उत्तरासोबत द्यायचीच.

## टप्पा ६: वेळ आणि भूमिती

फक्त रुंदी हवी असेल तर हा टप्पा हलका घ्या. जागा हवी असेल, म्हणजे "हा खडक नेमका कुठे", तर स्पाइस ही नासाची भूमिती-गणिताची प्रणाली वापरावी लागते. यान कुठे होतं, कोणीकडे तोंड करून होतं, धूमकेतू किती फिरला होता, हे सगळं स्पाइसच्या कर्नल नावाच्या फाइलींत असतं.

कर्नल एकेक करून गोळा करू नका. मोहिमेसाठी तयार असलेली मेटाकर्नल फाइल घ्या. तिच्यात लीप सेकंद, यानाचं घड्याळ, मार्ग, दिशा, चौकटी आणि कॅमेरा या सगळ्यांची यादी असते. एकाच काळासाठी दोन मार्ग-फाइली असतील तर नंतर भरलेली वरचढ ठरते. त्यामुळे आधी वर्तवलेला मार्ग चुकून शेवटी भरला, तर प्रत्यक्षातला मार्ग त्याखाली झाकला जातो, आणि कसलाही इशारा मिळत नाही.

वेळेच्या तीन चुका नेहमीच्या आहेत:

- लेबलवरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळ नव्हे, आणि स्पाइसच्या आतली वेळही नव्हे. २०१४ मध्ये स्पाइसची वेळ यूटीसीच्या सुमारे ६७ सेकंद पुढे होती. ६७पी तेव्हा १२.४ तासांत एक फेरी मारत होता, म्हणजे ६७ सेकंदांत अर्ध्या अंशाहून थोडा जास्त फिरत होता. केंद्रापासून २ किमीवरच्या बिंदूसाठी ही सरक जवळजवळ १९ मीटरची. ३० किमीवरच्या नॅक चित्रात हे तीसहून जास्त पिक्सेल झाले. वेळेचं रूपांतर स्पाइसच्याच फंक्शनने करा, हाताने सेकंद मिळवू नका.

- फिरण्याचा काळ कायम धरू नका. १३ ऑगस्ट २०१५ रोजी धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ, १.२४ खगोलीय एककांवर होता. त्या काळात बाहेर पडणाऱ्या वायूंच्या रेट्याने फेरीचा काळ वीसेक मिनिटांनी घटला. २०१४ चा आकडा धरून २०१६ ची जागा काढली तर उत्तर भलत्याच बाजूचं येईल. धूमकेतूच्या दिशेची त्या-त्या काळासाठी मोजलेली कर्नल फाइल वापरा.

- पृथ्वीवरच्या दुर्बिणीच्या निरीक्षणाशी तुलना करताना प्रकाशाचा प्रवास वजा करा. त्या १३ ऑगस्टला धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे २६.५ कोटी किमीवर होता. प्रकाशाला पावणेपंधरा मिनिटं लागत होती.

आणखी एक गोष्ट, ग्रहांची सवय असलेल्यांसाठी. ६७पी दोन खंडांचा आहे, मधे बारीक मान आहे. केंद्रातून काढलेली एकच रेषा काही ठिकाणी पृष्ठभागाला एकाहून अधिक वेळा छेदते. म्हणून अक्षांश-रेखांश एकटे पुरत नाहीत. जागा सांगताना क्ष, य, झ सहनिर्देशक द्या, किंवा आकाराच्या मॉडेलमधल्या (त्रिकोणांनी बनवलेल्या त्रिमितीय प्रतिकृतीतल्या) त्रिकोणाचा क्रमांक द्या, आणि मॉडेलची आवृत्ती लिहा.

## टप्पा ७: सावल्या, उजेड आणि फवारे

यान बराच काळ दिवस-रात्रीच्या सीमारेषेच्या आसपास फिरत होतं, त्यामुळे चित्रांत लांबलचक सावल्या भरपूर सापडतात. उंची = सावलीची लांबी × सूर्याच्या उन्नतांशाची टॅन्जंट. सूर्य ३० अंशांवर आणि सावली ४० मीटरची, तर उंची सुमारे २३ मीटर. सूत्र सोपं आहे, पण ते सपाट जमिनीसाठी आहे. उन्नतांश त्या जागेच्या स्थानिक उतारावरून काढायला हवा, आणि तो उतार आकाराच्या मॉडेलमधूनच मिळतो.

फवारे पाहण्यासाठी चित्र खूप ताणावं लागतं, कारण धूळ केंद्रकापेक्षा, म्हणजे धूमकेतूच्या घन गाभ्यापेक्षा, कितीतरी मंद असते. ताणल्यावर केंद्रक पांढराफटक पडेल, पडू द्या. ताण फक्त दाखवण्यापुरता ठेवा, फाइलमधले मूळ आकडे बदलू नका.

ताणलेल्या चित्रात ठिपकेही उगवतात. ते तारे असतील, वैश्विक किरणांचे फटके असतील किंवा यानाजवळचे धुळीचे कण. खुद्द यानालाही हा घोळ महागात पडला होता: २८ मार्च २०१५ ला १४ किमीवरून जाताना तारे पाहून दिशा ठरवणाऱ्या यंत्रणेने धूळकणांनाच तारे समजलं, आणि यान सुरक्षित अवस्थेत गेलं. काही सेकंदांनी काढलेलं शेजारचं चित्र उघडा. एकाच चित्रात असलेला ठिपका बहुधा किरणाचा फटका. रेघ ओढत सरकणारा बहुधा धूळकण. पार्श्वभूमीच्या ताऱ्यांसोबत राहणारा, तारा.

## टप्पा ८: दोन तारखांची तुलना

अस्वान कडा यासाठी उत्तम आहे. सुमारे १३४ मीटर उंचीचा हा कडा. सप्टेंबर २०१४ च्या चित्रांत त्याच्या माथ्यावर सुमारे ७० मीटर लांबीची भेग दिसते. १० जुलै २०१५ रोजी नॅव्हकॅमने धुळीचा मोठा उद्रेक टिपला, आणि नंतरच्या चित्रांत भेगेकडचा भाग कोसळलेला, आतला उजळ बर्फाळ थर उघडा पडलेला दिसतो.

तुलनेसाठी जोडी निवडताना प्रकाश, पाहण्याची दिशा आणि पिक्सेलचं माप, तिन्ही जवळपास सारखी हवीत. तिन्ही क्वचितच जुळतात. निवड करायची वेळ आली तर प्रकाशाची दिशा आधी जुळवा. सूर्य दुसऱ्या बाजूला गेला की जुनीच खाच नवी वाटते, आणि हा भास एवढा पक्का असतो की सरावलेली नजरही फसते. मापातला फरक मात्र बारीक चित्र मोठ्या मापाला आणून सावरता येतो. उलट दिशेने कधीही करू नका.

तपासा: न बदललेले निदान चार-पाच खडक दोन्ही चित्रांत सापडले का? त्यांच्यातली अंतरं जुळली का? ती जुळल्याशिवाय "बदल" हा शब्द अहवालात येऊ देऊ नका.

## ग्रहाचं चित्र घेतलं तर काय बदलतं

क्रम तोच, सापळे वेगळे.

मंगळयानाची माहिती इस्रोच्या "प्रदान" या संकेतस्थळावर नाव नोंदवून मिळते. हे यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती सुमारे ४२२ किमी ते ७७,००० किमी अशा लांबट कक्षेत गेलं. म्हणून त्याच्या रंगीत कॅमेऱ्याच्या दोन चित्रांतलं पिक्सेलचं माप शंभर पटींनीही वेगळं असू शकतं. एका चित्राचं माप दुसऱ्याला कधीही लावू नका. इथे अंतर मंगळाच्या केंद्रापासूनचं आहे की पृष्ठभागापासूनचं, हे पाहणं आणखी महत्त्वाचं, कारण फरक सुमारे ३,३९० किमीचा आहे.

गुरूभोवतीच्या जुनो यानाचा जुनोकॅम तर एका दमात पूर्ण चित्र घेतच नाही. यान मिनिटाला सुमारे दोन फेऱ्या घेत फिरतं, आणि कॅमेरा १६४८ × १२८ पिक्सेलच्या पट्ट्या टिपतो, निळ्या, हिरव्या, लाल फिल्टरमधून एकापाठोपाठ. प्रत्येक पट्टीची वेळ वेगळी, म्हणून प्रत्येकीची भूमितीही वेगळी काढावी लागते. शिवाय त्यातले आकडे १२ बिटांवरून ८ बिटांत वर्गमुळासारख्या प्रमाणात दाबलेले असतात. ते आधी उलगडा, मगच तेजस्वितेचा विचार करा.

## टप्पा ९: नोंद आणि श्रेय

अहवालात प्रत्येक मोजमापासोबत फाइलचं मूळ नाव, पातळी, वेळ यूटीसीमध्ये, वापरलेलं अंतर आणि ते केंद्राचं की पृष्ठभागाचं, पिक्सेलचं माप आणि अनिश्चितता द्या. नॅव्हकॅम आणि ओसायरिस यांची श्रेयाची ओळ वेगवेगळी आहे. संचासोबतच्या दस्तऐवजात लिहिली आहे तशीच उतरवा. उतरवलेल्या फाइलचं नाव बदलू नका. बदल केलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ नावाच्या पुढे काय केलं ते जोडा: कापलं, उलटवलं, ताणलं.